पासवर्डपुरती

"गेम अडकतो का लॅपटॉप?" आनंदराजनं विचारलं.

"गेम. म्हंजे लॅपटॉपच," हरिओम म्हणाला. "समोर दुश्मन आला की नेमकं अडकायलंय बघा. मी गोळी मारतो, ती सुटंपर्यंत मीच मरून पडलेला असतो."

"अन् मग?"

"मग घर्र घर्र आवाज, बूड तापून तव्यासारखं, अन् बंद."

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात आनंदराजचं दुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की ते भरायचं. आतल्या एकुलत्या एका स्टुलावर हरिओमची बायको शिल्पा बसली होती. मांडीवर लॅपटॉपवरचा भरतकामाचा रुमाल घडी करून ठेवला होता. नवऱ्यानं तिला बाजाराला आणलं असेल असं कुणाला वाटलं असतं, पण तसं काही नव्हतं. पासवर्ड फक्त तिला ठाऊक होता. चार्जर आणला, तशी तीही आणली होती.

पासवर्ड तिनं लपवला होता असंही नाही. हरिओमनं तो कधी विचारलाच नव्हता. विचारण्यापेक्षा हाक मारणं सोपं. "शिल्पा, उघड गं!" अशी हाक आली की ती पिठाचे हात पदराला पुसून यायची, बटणं दाबायची आणि परत भाकरीकडे जायची. एरवी तिचं नाव त्या घरात 'अगं'वरच भागायचं.

"ठेवता कुठं ह्याला, खेळताना?" आनंदराजनं लॅपटॉप उलटा केला.

"गादीवर."

"आणि ते काय हाय, ताईंच्या हातात?"

"झाकायचा रुमाल. आई म्हणते झाकलेलं बरं, धूळ बसत न्हाई."

"चालू असताना बी झाकता?"

"स्क्रीन मोकळी असती की! मागून, बाजूनं तेवढं झाकतो."

आनंदराज हसला. "खालून गादी, वरून रुमाल. बाळंतिणीला बी इतकं जपत न्हाईत, साहेब. झाकलेलं आतल्या आत तापतंय. वरून कळत न्हाई, एवढंच."

शिल्पानं रुमालाची घडी पुन्हा सारखी केली.

तो रुमाल आणि तो लॅपटॉप एकाच दिवशी हरिओमच्या घरात आले होते. शिल्पा अर्धापूरची. वडिलांची केळीची बाग, आणि पोरगी नांदेडला राहून कॉम्प्युटर शिकलेली. लग्नात रुखवत मांडलं तेव्हा पापडांच्या मनोऱ्याशेजारी, बाकी सगळ्या भांड्यांच्या पुढे, लॅपटॉप उघडून ठेवला होता. त्याच्यामागे थर्माकोलची पाटी होती: 'आमची शिल्पा, कॉम्प्युटर पदवीधर.' सासू गुणाबाईंनी लातूरहून आलेल्या एकेका बाईला हाताला धरून तिथं नेलं होतं. "बघा, आमची सून कॉम्प्युटरवाली." वरपक्षाकडे मांडायला एवढं काही नव्हतं. हरिओम तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता, आणि लातुरात तयारी हीही मांडून ठेवण्यासारखीच गोष्ट. मुलीकडच्यांनी लॅपटॉप मांडला, मुलाकडच्यांनी तयारी. दोन्ही बाजूंनी पाहुणे समाधानानं जेवून गेले.

पुढे परीक्षांना बसायचं हरिओमचं वय उलटलं. तयारी मात्र चालूच राहिली. पुस्तकांच्या जागी गेम आला एवढाच फरक. नोकरीचं काय, असं शिल्पानं कधी विचारलं की गुणाबाई म्हणायच्या, "बघू की. लॅपटॉप कुठं पळून चाललाय का?"

आनंदराजनं एकेक स्क्रू काढून चुंबकाच्या वाटीत टाकला आणि पाठ उचलली. फॅनवर राखाडी गोधडी बसली होती. ब्रशनं ती सोडवली तशी जाळीतून टपटप काहीतरी खालच्या वर्तमानपत्रावर पडलं. त्यानं चिमटीत धरून उजेडात बघितलं.

"आयला, ज्वारी!"

"उंदीर," हरिओम मोबाईलमधून मान न काढता म्हणाला. "माळवदावर लई झालेत."

"उंदीर गुलाबी ज्वारी खातो व्हय?"

दाणे विटले होते, पण रंग कळत होता. काही फॅनच्या पात्यांत अडकलेले, काही कोपऱ्यात उन्हाळे सोसून तांबूस झालेले. आनंदराज म्हणाला, "अजून वरीसभर गेम खेळला असता तर ह्याच्या लाह्या फुटल्या असत्या."

"अक्षता हायत त्या," शिल्पा म्हणाली.

दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. आनंदराजनं तिच्याकडे पाहिलं, मग हरिओमकडे.

"कुणाच्या लग्नातल्या?" हरिओमनं विचारलं.

"आपल्या."

रुखवत मांडवाच्या कडेला होतं. लांबची माणसं मंगलाष्टकांना जागेवरूनच अक्षता भिरकावत होती. नवरा-नवरीपर्यंत थोड्याच पोचल्या. उरलेल्या पापडांवर, भांड्यांवर आणि त्या उघड्या लॅपटॉपवर पडल्या असणार.

"आमच्यात फुलं टाकतात," आनंदराज वातावरण हलकं करायला म्हणाला. "पाकळ्या काय, वाळून उडून जातात. फॅनमधी अडकत न्हाईत."

"साफ करून टाका सगळं," हरिओम म्हणाला.

आनंदराजनं जळमटं टोपलीत टाकली. दाणे मात्र कागदाच्या कडेला सारून ठेवले. प्रोसेसरवरची वाळून खपली झालेली पेस्ट त्यानं खरवडली, नवी लावली, पाठ बसवली, आपोआप चालू होणारी सतरा लचांडं बंद करायची म्हणाला आणि बटण दाबलं.

"शिल्पा, उघड गं."

ती उठली. बोटं झरझर फिरली. पडदा उजळला. हरिओमनं गेम लावला, आणि या खेपेला दुश्मन मेला. "वाऽ! लोण्यावानी चालायलंय!"

शिल्पा काउंटरच्या या कोपऱ्याला सरकली आणि हळू आवाजात आनंदराजला म्हणाली, "भाऊ, न थांबता एक तास चालंल का? गेम न्हाई. साधंच, शिकवायचं."

"तास काय, दिवसभर चालंल, ताई. सपाट जागेवर ठेवा तेवढं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. औशाच्या एका शाळेला कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी होती. शाळेतली यंत्रं मात्र कधीचीच बंद पडलेली. त्यामुळे अट अशी होती की, बाईंनी यावं ते स्वतःचा लॅपटॉप घेऊन. सोमवारी वर्गात शिकवून दाखवावं, जमलं तर तोच रोज आणावा. थोडक्यात, शाळेला लॅपटॉपच हवा होता, बाई सोबत आली तर चालणार होती. शिल्पाला ही अट ऐकून हसू आलं होतं. पण असली अट पुरी करू शकणारी तालुक्यात ती एकटीच असेल, असंही वाटलं होतं. दुपारी सगळे झोपले की ती धडा तयार करायची, आणि ऐन रंगात आला की लॅपटॉप तापून बंद पडायचा.

"कुणाला शिकवायलीस?" हरिओमनं ऐकलं होतं.

"सोमवारी औशाला जायचंय ना. सांगितलं होतं मी."

"हां, ते." त्यानं अजून एक दुश्मन मारला. "सोमवारी न्हाई जमायचं. मी उद्या नांदेडला चाललोय, शिवमच्या रूमवर. तिथं नेट फास्ट हाय. चार दिवस मॅची हायत."

"फक्त सोमवारच्या दिवशी..."

"मधीच सोडून येऊ का मी? टीम हाय आमची."

"सांगितलं तवा तुमी बघू म्हणला होता."

"मग बघितलं की," हरिओम म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावण्याइतकं ते त्याला मोठं वाटलं नव्हतं. आनंदराज उगाच वाटीतले जुने स्क्रू हलवत राहिला.

"आन् भाऊ, त्यो पासवर्ड तेवढा काढून टाका. तिथं ही कुठं येणार हाय उघडायला?"

आनंदराजनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला, दोन-तीन ठिकाणी बटणं दाबली आणि थांबला. मग तो वळवून शिल्पासमोर धरला. "जुना एकदा टाकावा लागंल, ताई."

तिनं रुमाल काखेत धरला. या वेळी बोटं झरझर फिरली नाहीत. एकेक अक्षर दाबत, मधे एकदा चुकून, खोडून, तिनं तो पुरा केला.

लॅपटॉप बंद करून चालू केला. आता तो कुणालाच काही न विचारता उघडला.

"होता तरी काय गं पासवर्ड?" हरिओमनं हसत विचारलं.

"तोंडानं न्हाई सांगता येत," शिल्पा म्हणाली. "बोटांना पाठ होता."

"आता विसरू दे मग." त्यानं लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग पाठीला लावली आणि पायरी उतरता उतरता म्हणाला, "मी तसाच पोरांकडं जातो, चालवून दाखवतो. तू ऑटोनं जा. आईला सांग, जेवायला थांबू नका म्हणावं."

त्याची मोटारसायकल बोळातून निघून गेली. शिल्पा पदर सारखा करत उभी होती. आनंदराजनं वर्तमानपत्राची कड उचलली.

"हे टाकू का, ताई?"

तिनं त्या दाण्यांकडे पाहिलं. "टाका. पायाखाली तेवढं येऊ देऊ नका."

"बरं. आणि तो रुमाल आता त्याच्यावर घालू नका हां. गरम होतंय."

"न्हाई घालत."

बाहेर ऊन रणरणत होतं. ऑटो गोलाईच्या त्या तोंडाला उभे राहतात, तिथपर्यंत चालावं लागणार होतं. शिल्पानं रुमालाची घडी मोडली, तो एकदा झटकला, डोक्यावर पुढे ओढून घेतला आणि ती कडेकडेनं निघाली.