खिडकीपाशी नेलेलं पत्र

गेल्या वर्षीच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला, योगराज महाराजांनी गायत्रीला पुढे बोलावून शाल-नारळ दिला आणि माइकवर सांगितलं, "आपल्या पांडेसऱ्याची लेक विमान चालवते बरं का, मायबाप!" सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. मागे टाळकऱ्यांच्या ओळीत उभ्या असलेल्या तिच्या वडिलांच्या, शालिग्राम मास्तरांच्या, डोळ्यांना धार लागली, आणि त्या भरात एक बारीकशी दुरुस्ती करायची राहून गेली. गायत्रीकडे लायसन होतं. विमान नव्हतं.

राहिलेली दुरुस्ती वर्षभर राहिली. सप्ताह मंडळाचे सेक्रेटरी हिलालभाऊ भेटले की विचारत, "पोरगी कुठं हो सध्या? दुबई की दिल्ली?" मास्तर म्हणत, "ट्रेनिंग चालू आहे." असं म्हटलं की त्या दिवशी कीर्तनात त्यांचा टाळ हमखास अर्धी मात्रा मागे पडायचा. आता सप्ताह पुन्हा बसला होता. उद्या काला. दहीहंडीचा मान हिलालभाऊंनी परस्पर गायत्रीला देऊन टाकला होता, आणि वर सांगितलं होतं, "तो पायलटचा पांढरा ड्रेस घालून ये म्हणावं."

म्हणून आज, शनिवारी दुपारी तीन वाजता, मास्तर आणि गायत्री सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, वेसूच्या एका एसी ऑफिसात बसले होते. मास्तरांच्या खिशात सोळा लाखांचा चेक होता. घर बँकेकडे ठेवून आणलेले पैसे. सकाळपासून त्यांनी तो खिसा इतक्यांदा चाचपला होता की शर्टाची इस्त्री तेवढ्याच जागी मोडली होती.

गायत्रीने त्यांना सगळं समजावलं होतं. लहान विमानाचं लायसन मिळालं म्हणून मोठं प्रवासी विमान हातात देत नाहीत. प्रत्येक जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा खर्च ज्याचा त्यानेच करायचा. मास्तरांना ते लगेच पटलं. पॉलिस्टरचा रंग सुती कापडावर चढत नाही, हे सव्वीस वर्षं रंगाटीत कापड रंगवणारा मास्तर म्हणून काढलेल्या माणसाला कशाला शिकवायला हवं? त्यांचा प्रश्न एवढाच होता : रंग चढवून झाल्यावर गिऱ्हाईक माल उचलणार ना?

"काका, टेन्शन ना लेशो," समोरचा एजंट निमेषभाई म्हणाला. तिशीचा, गोड, हातात रुद्राक्ष. "कंपनीशी आपलं सेटिंग आहे. रेटिंग झालं की डायरेक्ट जॉब. हे बघा, लेटरच आणून ठेवलंय." त्याने एक पत्र पुढे सरकवलं. वर विमान कंपनीचं चिन्ह, खाली निळा शिक्का, मधे ठळक अक्षरात गायत्रीचं नाव. "फक्त बॅचमध्ये एकच सीट आहे. चार वाजता बँक बंद. आज नाही तर मग डिसेंबर."

गायत्रीने पत्र दोन्ही हातांनी उचललं. दोन वर्षं ती घरी बसून होती. शिकवण्या घेत होती, रोज पहाटे उठून पुस्तकं वाचत होती, आणि आभाळातून विमान गेलं की मुद्दाम खाली बघत होती. मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चेक काढला, पेनाचं टोपण उघडलं.

आणि त्यांचा हात थांबला.

अपशकुन वगैरे काही नव्हतं. ती निव्वळ सवय. रंगाटीत कुठलाही लॉट मशीनला घालण्याआधी गिऱ्हाइकाने पास केलेला नमुना मास्तर ट्यूबलाइटखाली कधी बघत नसत. ट्यूबखाली दोन वेगळे रंग बहिणींसारखे दिसतात. उन्हात नेले की परके. मालक ओरडो, गाडी दारात उभी असो, मास्तर नमुना घेऊन आधी खिडकीशी जाणार. ऑफिसात ट्यूब जळत होती आणि खिडकीवर जाड पडदा होता.

"जरा बघतो," म्हणत त्यांनी गायत्रीच्या हातातून पत्र घेतलं आणि पडदा ओढला.

"काका, आ कापड नथी! कागद आहे!" निमेषभाई हसला.

मास्तर हसले नाहीत. उन्हात त्या पत्रावरचा काळा रंग एक नव्हता. मजकुराचा काळा किंचित तपकिरी, उडालेला. गायत्रीच्या नावाचा काळा निळसर आणि ताजा. शिक्क्याची शाई कागदात मुरते, कडेला पसरते. ही नुसती वर बसली होती, बारीक ठिपक्या-ठिपक्यांची, जशी साडीवर छापलेली बुट्टी. त्यांनी थुंकीने बोट ओलं करून शिक्क्यावर फिरवलं. बोटाला शाईचा डागही लागला नाही.

"हा शिक्का मारलेला नाही," ते हळूच म्हणाले. "छापलाय."

"आजकाल सगळं डिजिटल असतं, काका."

असेलही. मास्तरांना त्यातलं काय कळणार? पण हात चेकवर पुन्हा जाईना. "सोमवारी येतो," ते म्हणाले. निमेषभाईचा चेहरा फिरला. "सोमवारी सीट नसणार. बाहेर दुसरी पार्टी बसलीय." बाहेरच्या बाकावर खरंच कोणीतरी बसलेलं होतं.

निघताना काढलेला पत्राचा फोटो मोबाइलवर बघत बघत गायत्री जिना उतरली. स्कूटरपाशी येऊन तिने फोन पर्समध्ये कोंबला. मग फुटली.

"पप्पा, मी उद्या मांडवात काय सांगू? की माझ्या बापाला शाई आवडली नाही?"

"बेटा, मला—"

"सगळे भरतात पैसे! माझ्याबरोबर शिकलेल्या प्रफुल्लने भरले गेल्या महिन्यात, इथेच. तो जाणार, मी डिसेंबरपर्यंत पोरांना गणित शिकवत बसणार."

मास्तरांनी स्कूटर चालू केली. उधन्याच्या पुलावर सिग्नलला थांबले तेव्हा त्यांनी ते बोट पुन्हा एकदा उन्हात धरून पाहिलं. चुकलो असू तर? एका बोटाच्या भरवशावर पोरीचं आयुष्य अडवलं असेल तर? पांडुरंगा, मला फक्त रंग कळतो रे.

घरी गायत्रीची आई, सरलाबाई, दारातच होत्या. "काय व्हयनं? भराई गयात का पैसा?"

मास्तरांनी खिशातून चेक काढून त्यांच्या हातात दिला. गायत्री आतल्या खोलीत गेली. बापाला खोटं पाडायचं म्हणून तिने फ्लाइंग स्कूलमधल्या प्रफुल्लला निरोप पाठवला : तुझ्या लेटरचा फोटो टाक.

मांडवातून मृदंग जुळवल्याचा आवाज यायला लागला तेव्हा ती बाहेर आली. तिच्या हातात मोबाइल होता. तिने तो बापापुढे धरला. तेच चिन्ह, तोच शिक्का, त्याच जागी. तीच तारीख. पत्राचा क्रमांकसुद्धा अक्षर न् अक्षर तोच. फक्त नाव प्रफुल्लचं.

"पप्पा," ती म्हणाली, "त्याने भरलेत. सगळे."

मास्तर खाली बसले. आपण वाचलो म्हणून छाती हलकी होईल असं वाटलं होतं, झाली नाही. "त्याला सांगितलंस?"

"कसं सांगू?"

"सांग. आजच सांग. मी माझं सांगून येतो."

मांडवात हिलालभाऊ नवी शाल प्लास्टिकमधून काढून बघत होते. मास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, ही ठेवून द्या. गायत्रीला नोकरी लागलेली नाही. गेल्या वर्षीही नव्हती. मी बोललो नाही, चूक माझी."

हिलालभाऊंच्या हातातली शाल अर्धी उलगडलेलीच राहिली. "म्हणजे मास्तर, वर्षभर मी माझ्या पोराला, सागरला, उगाच शिव्या घातल्या? ती बघ, ती बघ करत?"

"उगाच."

"त्याची तरी माफी मागा मग." आणि शालीची घडी घालत म्हणाले, "दहीहंडीला यायला सांगा तिला. नोकरी नाही तर काय देव ओळखत नाही का? ड्रेस नको, साडीत ये म्हणावं."

योगराज महाराज उभे राहिले. मास्तरांनी ओळीतली आपली जागा घेतली. नमन झालं, चाल लागली, आणि कितीतरी महिन्यांनी टाळ मात्रेवर पडला. तोच मांडवाच्या कडेला गायत्री दिसली. फोन कानाला, चेहरा पांढरा. तिने हाताने बोलावलं.

वीस वर्षांत मास्तर कीर्तन सोडून कधी उठले नव्हते. त्यांनी टाळ शेजाऱ्याच्या हातात दिले आणि चपला न घालताच बाहेर आले.

"प्रफुल्ल बोलतच नाहीये. त्याचे वडील आलेत फोनवर, नवसारीहून. त्यांना खरं वाटत नाहीये, पप्पा. म्हणतात, घरातलं मोठं माणूस द्या."

मास्तरांनी फोन घेतला. पलीकडे एक अनोळखी बाप श्वास घेत होता. मागे मांडवात गजर चढला होता, म्हणून मास्तरांनी दुसरा कान हाताने झाकला.

"दादा, मी गायत्रीचा बाप. तुमचं पत्र आत्ता बघू नका, लाइटात काही दिसणार नाही. सकाळी पहिल्या गाडीने इकडे या. उजेडात तुमचं पत्र आणि आमच्याकडचा फोटो शेजारी ठेवू. मग पोलिसात आपण दोघं जाऊ, मी येतो तुमच्याबरोबर."

"पप्पा, उद्या काला," गायत्री कुजबुजली.

मास्तरांनी माहीत आहे अशी मान हलवली आणि फोनमध्ये म्हणाले, "हो, हो, ऐकतोय मी. बोला, दादा. जेवलात का तुम्ही?"