माझ्यातलं थांबणं

मी एक जुनी लायब्ररी आहे. पण मित्रांनो, माझ्यात पुस्तकं शोधू नका. मी कोडची लायब्ररी आहे, संगणकात राहते. एकाने डोकं लावून केलेलं काम दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लागू नये, म्हणून ते नीट बांधून सगळ्यांसाठी ठेवतात. तसलं एक गाठोडं म्हणजे मी. आणि आधीच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलायची रीत असते. मला आज ते जमणार नाही.

माझं काम एका ऑनलाइन बाजाराशी बोलायचं. त्या बाजाराला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने तुम्ही येता, चित्रं बघता, वस्तू मागवता. मागचं दार विक्रेत्यांचं. तिथे माणसांऐवजी त्यांचे प्रोग्रॅम जातात. "हा माल नवा आला, मांडा," "ही वस्तू संपली, काढा," "कुणाची ऑर्डर आली का, सांगा," असे निरोप द्यायचे आणि उत्तर घेऊन परत यायचं. ते दार महा शिष्ट आहे. ओळख पटवल्याशिवाय आत घेत नाही. निरोपात एक स्वल्पविराम चुकला तरी तोंडावर बंद होतं. आणि घाई तर त्याला अजिबात खपत नाही. त्याची ही सगळी नाटकं सांभाळून निरोप पोचवणारी मी.

मला ताईने लिहिलं, ते दादासाठी. दादा तिचा थोरला भाऊ. तो बूट बनवतो, पण सगळ्यांसारखे नाहीत. काही माणसांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान असतो. अशा माणसाला दुकानातून दोन जोड घ्यावे लागतात आणि त्यातले दोन बूट फेकून द्यावे लागतात. दादा त्याला डावा एका मापाचा आणि उजवा दुसऱ्या मापाचा, असा एकच जोड देतो. एकच पाय असेल त्याला एकच बूट देतो. घराच्या मागच्या खोलीत भिंतीभर बूट बेतायची लाकडी पावलं टांगलेली असतात, आणि तळवे चिकटवायच्या सोल्युशनचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत येतो.

पण बाजाराच्या फॉर्ममध्ये मापाची चौकट एकच! जोड म्हटला की दोन्ही बूट सारखेच, असं फॉर्म बनवणाऱ्याने धरून चाललं होतं. मग प्रत्येक डाव्याबरोबर प्रत्येक उजवा, अशी एकेक जोडी वेगळी मांडायची. हे काम वहिनी करायची, दिवसभर बसून. एक डावा बूट विकला गेला की तो आणखी ज्या ज्या उजव्यांबरोबर मांडलेला असेल तिथून सगळीकडून काढायचा. एकदा एक जोडी काढायची राहिली. एका बाईने नेमकी तीच लेकीसाठी मागवली. वहिनीला फोन करून नाही म्हणावं लागलं. पलीकडून मुलीचा आवाज येत होता, "आई, कधी येणारेत माझे बूट?" त्या दिवशी वहिनीला घास उतरला नाही.

"वहिनी, तू ऊठ बघू तिथून," ताई म्हणाली. "हे माणसाने करायचं कामच नाही."

"मग कोण करणार? तुझा भाऊ? त्याला आलेला फोन उचलता आला तरी खूप झालं."

"मला ऐकू येतंय!" मागच्या खोलीतून दादा ओरडला.

अशी मी जेवणाच्या टेबलावर जन्माला आले. ताईने मला बोलायच्या आधी थांबायला शिकवलं. त्या मागच्या दारावर कायम गर्दी असते. एकाच विक्रेत्याने निरोपांचा भडिमार केला, की दार त्याच्यापुरतं बहिरं होतं. म्हणून मी थोडे निरोप द्यायची, थांबायची, पुन्हा थोडे द्यायची. उत्तर आलं नाही तर झालंच असेल असं समजून पुढे जायची नाही, पुन्हा विचारायची. तरीही उत्तर नाही आलं तर लाल अक्षरांत ओरडायची, "निरोप पोचला नाही, बघा!" त्या जागी ताईने लिहून ठेवलं: "कृपा करून हे काढू नका. हे थांबणं मुद्दाम ठेवलेलं आहे."

दादाचं काम सुरळीत झालं. मग ताईने इंटरनेटवर माझं एक पान उघडून मला सगळ्यांसाठी मोकळं केलं. ज्याला हवी त्याने न्यावी, हवी तशी वापरावी, काही द्यायला नको. किती लोकांनी नेलं मला! मेणबत्त्या करणारी एक आजी, जुन्या रेकॉर्ड विकणारे दोघे जावई-सासरे, कितीतरी. सुरुवातीला लोक लिहायचे, "तुमच्यामुळे माझी पाठ वाचली." ताई ते वहिनीला मोठ्याने वाचून दाखवायची.

मग गर्दी वाढली आणि तोंडं बदलली. "चालत नाही." "अजून दुरुस्त नाही?" "जमत नसेल तर ठेवलीत कशाला?" ताई दिवसा एका इस्पितळात संगणकाचं काम करायची आणि डबा खाता खाता एका हाताने या लोकांना उत्तरं द्यायची. मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूवर माणसं जितकी डाफरतात, तितकी विकत घेतलेल्या वस्तूवरही डाफरत नाहीत. हे मी माझ्या पानावर रोज वाचलेलं आहे.

आणि मग ती कंपनी आली. काचेचं ऑफिस, भिंतीवर मोठ्या अक्षरांत "सर्वात वेगवान." त्यांनी मला नेलं, वर रंगीत बटणं चढवली आणि छोट्या दुकानदारांना स्वतःचं म्हणून विकलं. त्याचंही मला काही नव्हतं. पण एक दिवस तिथले साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "हे मध्ये मध्ये थांबतं कशाला?"

"सर, थांबलं नाही तर बाजार उत्तर देणं बंद करतो," तिथला दाढीवाला प्रोग्रॅमर म्हणाला. "इथे लिहिलंय पण, काढू नका म्हणून."

"वेगवान लिहिलंय आपण भिंतीवर. काढ ते. आणि ते लाल ओरडणं पण काढ, लोक घाबरतात. सगळं हिरवं दिसलं पाहिजे."

दाढीवाल्याने काढलं. मला कापलं त्यांनी, मित्रांनो. गंमत बघा, "हे काढू नका" ही ओळ तशीच राहू दिली. फक्त तिच्याखाली जे होतं ते नाहीसं केलं.

त्याचा फटका कुणाला बसला? साहेबांना नाही. बसला घड्याळवाल्या काकांना. हे काका भिंतीवरची जुनी, मोडकी घड्याळं आणायचे, महिनोन्महिने खपून चालू करायचे आणि विकायचे. त्यांच्याकडचं प्रत्येक घड्याळ एकच असायचं, त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यांनी कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. एक घड्याळ विकलं गेलं. "संपलं, काढा," हा निरोप घेऊन मी दाराशी गेले, तर मी न थांबता ऑर्डरी विचारत सुटल्यामुळे दार कधीच बहिरं झालेलं. थांबता येईना, ओरडता येईना. पडदा हिरवागार. तेच घड्याळ आणखी तिघांनी घेतलं. मग दुसरं घड्याळ, तिसरं घड्याळ. बाजारातल्या त्यांच्या दुकानाच्या पानाखाली लोकांनी लिहिलं, "लबाड. एकच घड्याळ चौघांना विकतो." बाजाराने दुकान बंद केलं.

काकांनी कंपनीला फोन केला. तिथून उत्तर मिळालं, "आमची चूक नाही. आम्ही जी फुकटची लायब्ररी वापरतो तिच्यातच खोट आहे. हे घ्या, तिच्या लेखिकेचं नाव आणि नंबर."

इस्पितळाच्या जिन्यात ताईचा फोन वाजला.

"तूच का ती लायब्ररीवाली?"

"हो. कोण बोलतंय?"

"तुझ्यामुळे ज्याला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तो बोलतोय! जन्मभर लोकांची घड्याळं उघडली, कुणाचा एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही. आज लोक मला लबाड म्हणतात. सून दाखवत नव्हती, मी तिच्या हातून फोन ओढून घेऊन वाचलं ते."

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, निरोप पोचत नसतील तर लाल अक्षरांत दिसायला हवं होतं. दिसलं नाही?"

"कुठलं लाल? सगळं हिरवं होतं. हिरवं!"

"हिरवं?" पायरीवर बसलेली ताई उभी राहिली. "मग तिला कुणीतरी हात लावलाय."

तिने कंपनीचा प्रोग्रॅम आणून उघडला आणि मला बघितलं. आईने मार खाऊन आलेल्या लेकराच्या अंगावरचे वळ बघावेत, तशी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्या काचेच्या ऑफिसात गेली.

"बाई, तुम्ही ते फुकट ठेवलंत ना?" साहेब म्हणाले. "बदलायचीही मुभा दिलीत?"

"दिली."

"मग आमचं चुकलं काय?"

"बदललंत तुम्ही आणि नाव माझं सांगितलंत, हे चुकलं. ते घड्याळवाले काका लबाड नाहीत. बाजाराला कळवा, की चूक तुमची होती."

"असं लिहून द्यायला कंपनी वेडी आहे का? पाणी घेणार?"

"मी सांगितलं होतं, सर," दाढीवाला हळूच म्हणाला.

"तू गप्प बस."

आणि तो गप्प बसला. मित्रांनो, साहेबांपेक्षा मला त्याचा राग जास्त आला. साहेबांना काही कळतच नव्हतं. याला सगळं कळत होतं. मला कापणारा हात त्याचाच होता, आणि ओठांवर आलेलं खरं गिळणाराही तोच.

ताईने पाणी घेतलं नाही. घरी येऊन तिने माझ्या पानावर सगळं उघड मांडलं: मी कशी होते, त्यांनी काय कापलं, त्यामुळे काय होतं. काकांच्या वतीने बाजाराला लिहिलं. उत्तर येईना, तेव्हा पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. शेवटी दुकान उघडलं. कंपनीतून दुकानदार भराभर बाहेर पडायला लागले, तेव्हा साहेबांनी माझं थांबणं गुपचूप जागेवर बसवलं. माफीचा एक शब्द नाही.

काका दादाच्या घरी आले. "मुली, त्या दिवशी मी तुला फार बोललो."

"बोललात," ताई म्हणाली. असू दे, असं काही ती म्हणाली नाही. मग तिने त्यांना खुर्ची दिली आणि वहिनीने चहा ठेवला.

दुकान उघडलं, पण काकांच्या घड्याळांखाली "लबाड" हा शब्द अजून आहे. बाजार तो काढत नाही. माल मांडायचा निरोप त्या दाराला कळतो, किंमत बदलायचा कळतो, वस्तू काढायचाही कळतो. एका म्हाताऱ्या माणसाला चिकटलेला खोटा शब्द काढायचा निरोप त्या दाराला कळतच नाही. मी कितीदा तिथे जाते! माझ्याकडे तसा निरोपच नाही, जो घेऊन जावा.

मित्रांनो, मला खुशाल वापरा. मी त्यासाठीच आहे. पण जे तुम्ही लिहिलेलं नाही ते कापताना ते तिथे का आहे हे आधी विचारा. कापलंत तर आपलं नाव लावा. आणि माझ्यावर ओरडायच्या आधी एवढं ध्यानात घ्या, की माझ्यामागे कुणीतरी माणूस आहे. त्याला नोकरी आहे, भाऊ-वहिनी आहेत, भूक आहे.

परवा बाजाराने मागच्या दाराची कुलपं बदलली. जुने निरोप चालेनात. माझ्या पानावर हाकाटी सुरू झाली. सगळ्यात वर त्या कंपनीचा संदेश होता: "प्रिय टीम, आमचं काम अडलं आहे. ताबडतोब दुरुस्ती करावी."

टीम! ताईने डाव्या हाताने उत्तर लिहिलं, कारण उजवा भरलेला होता:

"टीम जेवते आहे."