बस थांबा ते फलाट

ओलिंडा कामाराने मोजलंय म्हटलं की वेस्टकोट शहरात वाद मिटायचा. सव्वीस वर्षं ती नगरपालिकेच्या नियोजन खात्यात नकाशे तपासत होती. जिन्याची पायरी पाव इंच उंच असो की दाराची चौकट बोटभर अरुंद, तिच्या लाल पेन्सिलीतून काही सुटत नसे. बिल्डर तिच्या नावाने बोटं मोडत, पण तिच्या आकड्याला कुणी हात लावत नसे. घर आईकडून आलेलं, गाडी भावाने दिलेली. स्वतः कमावलेलं असं तिच्याकडे हे एकच होतं: लोक तिचा शब्द खरा मानत. त्याचा तिला माज नव्हता असं म्हणवत नाही. होता, आणि चांगला होता.

गिरण्या बंद पडल्या तेव्हापासून वेस्टकोटला बॉस्टनच्या रेल्वेगाडीचं गाजर दाखवलं जात होतं. वीस वर्षांत तीन महापौर त्या गाडीच्या जिवावर निवडून आले, गाडी काही आली नाही. शेवटी एकदाचे रूळ पडले आणि दोन स्टेशनांचे नकाशे मंजुरीसाठी शहराकडे आले. शहराच्या दुसऱ्या टोकाचं मिल स्ट्रीट स्टेशन बिनबोभाट पुढे सरकलं. घोडं अडलं ते साउथ एंडपाशी.

साउथ एंड म्हणजे म्हाताऱ्यांची वस्ती. मुलं शिकून बॉस्टनला गेली, मागे आईबाप राहिले. स्टेशनवर ते बसने येणार, आणि बसमधून उतरून फलाटावर चढायच्या उतारापर्यंत चालत जाणार. जानेवारीत नदीवरून जो वारा सुटतो तो कानाच्या पाळ्या कापतो. म्हणून शहराने आपला एक नियम करून ठेवला होता: बस थांब्यापासून फलाटाच्या उतारापर्यंत अडीचशे फुटांहून जास्त चालायला लागता कामा नये. ओलिंडाने मोजलं, दोनशे दहा फूट भरलं. अहवालावर तिने सही केली आणि प्रकरण आराखडा समितीपुढे गेलं.

ही समिती महिन्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला भरते. ज्याला बोलायचं असेल त्याने दारापाशी ठेवलेल्या कागदावर आधी नाव-पत्ता लिहायचा, मग माइकपाशी दोन मिनिटं. हिरवा दिवा लागला की सुरू, लाल लागला की बंद. तुम्ही महापौराचे जावई असा नाहीतर आणखी कुणी.

विन्सेंट रपोझा त्या कागदावर अकरा वर्षं न चुकता नाव लिहीत होता. एक्क्याऐंशी वर्षांचा गडी. उभा जन्म गिरणीत फिटर म्हणून गेलेला, ओलिंडाच्या वडिलांच्या शेजारच्या यंत्रावर. नोव्हेंबरच्या सुनावणीत तो टोपी काढून माइकपाशी उभा राहिला.

"विन्सेंट रपोझा, साठ नंबर, हार्बर स्ट्रीट," तो म्हणाला. "सर्व्हेवाल्यांनी जागेवर नारिंगी खुंट्या ठोकल्यात. बसच्या खुंटीपासून उताराच्या खुंटीपर्यंत मी चालून आलो. एकशे अडुसष्ट पावलं. माझं पाऊल अडीच फुटांचं. गुणाकार तुम्हीच करा, त्याचाच पगार घेता."

अध्यक्षीणबाई मार्गरेट डन, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी ओलिंडाकडे पाहिलं.

ओलिंडा जागची उठलीसुद्धा नाही. "दोनशे दहा फूट. मी मोजलंय," ती म्हणाली. "मिस्टर रपोझा, वय झालं की पावलं लहान होतात. आपलं आपल्याला कळत नाही."

सभागृह हसलं. ओलिंडाही हसली, तिला तो टोला बरा जमल्यासारखा वाटला. रपोझाने दिव्याकडे पाहिलं. लाल लागायला अजून बराच वेळ होता. तो टोपी घालून जागेवर जाऊन बसला.

डिसेंबरच्या सभेला तो आला, पण कागदावर नाव लिहिलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. "तुमचा म्हातारा गप्प झाला वाटतं," कारकून म्हणाला. "बरं झालं," ओलिंडा म्हणाली, "तेवढीच दोन मिनिटं वाचली."

जानेवारीतल्या मंगळवारी शेवटची मंजुरी व्हायची होती. त्या दुपारी सभागृहाच्या भिंतीवर लावायला रेल्वेकडून आलेले मोठे नकाशे ओलिंडाने टेबलावर पसरले. साउथ एंडच्या पानावर बस थांब्यापासून वळणं घेत उताराकडे जाणारी पायवाट होती. तिने सवयीने दोरा वळणावळणाने लावला, दोरा पट्टीवर धरला. चारशे वीस.

पुन्हा लावला. चारशे वीस.

ती कपाटाशी गेली आणि ऑक्टोबरमध्ये मोजलेला नकाशा काढला. तो लहान होता. रेल्वेवाले कागद वाचवायला मोठा नकाशा अर्ध्या आकारात छापून पाठवतात. चित्र अर्धं होतं, पण त्यावर छापलेलं 'एक इंच म्हणजे चाळीस फूट' मात्र तसंच राहतं. त्यावर पट्टी ठेवली की जे भरेल ते निम्मं. म्हणून कोपऱ्यात 'अर्धा आकार' असा शिक्का मारतात. तिने कोपरा पाहिला. तो पिनेखाली दुमडला गेला होता. तिने नखाने पीन उचकटली, कोपरा सरळ केला. शिक्का तिथेच होता, निळा, ठसठशीत.

फलाटाची रुंदी, उताराची उंची, सगळ्याचे आकडे नकाशावर लिहिलेले असतात, तिथे पट्टी लागत नाही. पट्टी लागली ती फक्त त्या वाकड्यातिकड्या पायवाटेला. खात्यात कुणी नवीन लागलं की पहिल्या दिवशी ओलिंडा एकच गोष्ट सांगायची: पट्टी लावण्याआधी कोपरा बघा. पोरं मागे तिची नक्कल करायची, हे तिला माहीत होतं.

आधी मनात आलं ते असं, की हे कुणाला दिसणार आहे? आणि त्याच्यामागोमाग टोपी हातात धरून माइकपाशी उभा असलेला रपोझा आठवला. तिला स्वतःची लाज वाटली. नुसती चुकली असती तर वेगळं. बरोबर असलेल्या माणसाला तिने चारचौघांत म्हातारा म्हणून हिणवलं होतं.

दोन्ही नकाशे काखेत मारून ती साहेबाच्या खोलीत गेली. खातेप्रमुख ब्रेंडन कीओ तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग दार लावलं.

"आज सांगतेस हे? आज?"

"आज कळलं."

"ओलिंडा, गुरुवारी रेल्वेची निविदा निघतेय. आज मंजुरी अडकली तर साउथ एंड त्यातून बाद. मग पुढच्या वर्षी, तेही झालं तर. लोक वीस वर्षं वाट बघतायत."

"चारशे वीस फूट आहे, ब्रेंडन. नियम अडीचशेचा आहे."

"आज जाऊ दे. थांबा पुढे सरकवायचं मी मागाहून बोलतो त्यांच्याशी. शब्द देतो."

"मागाहून काय होतं ते मी सव्वीस वर्षं बघतेय. सिमेंट ओतलं की कुणाचा शब्द राहतो?"

ब्रेंडनने डोळे चोळले. "प्रकरण एकमताच्या यादीत टाकलंय. त्यावर चर्चा होत नाही. कर्मचाऱ्याला तिथे तोंड उघडता येत नाही. नियम तुलाच पाठ आहेत, मी काय सांगू?"

पाठ होतेच. ज्या प्रकरणांवर वाद उरलेला नाही ती सगळी एका यादीत घालायची आणि अध्यक्षांनी एका दमात मंजूर करून टाकायची. यादीतून एखादं प्रकरण बाहेर काढून चर्चेला घ्या असं समितीचा सभासद म्हणू शकतो, किंवा शहरातला कुणीही नागरिक. कर्मचारी नाही.

संध्याकाळी सव्वासहाला ओलिंडा सभागृहात आली. कर्मचाऱ्यांच्या टेबलावर ब्रेंडनच्या शेजारी तिच्या नावाची पाटी होती. ती तिकडे गेली नाही. गळ्यातलं नगरपालिकेचं ओळखपत्र काढून तिने पर्समध्ये टाकलं आणि दाराजवळच्या कागदावर लिहिलं: ओलिंडा कामारा, चौदा, क्वारी स्ट्रीट. कारकुनाने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"बाई, हा लोकांचा कागद आहे."

"मग मी कोण, भूत?"

सभागृह भरलेलं होतं. साउथ एंडची मंडळी हौसेने आली होती, कुणी केक आणला होता, मंजुरी झाली की कापायचा. शेवटच्या रांगेत रपोझा टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याने आजही नाव लिहिलं नव्हतं.

अध्यक्षीणबाईंनी एकमताची यादी वाचायला घेतली. पाचवं, सहावं. सातवं, साउथ एंड स्टेशन. "कुणाला काही म्हणायचंय?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं की कुणाला काही नसणारच. मग त्यांनी हातातला कागद पाहिला आणि चष्मा वर केला. "ओलिंडा? तू?"

ओलिंडा माइकपाशी गेली. हिरवा दिवा लागला. सव्वीस वर्षं ती हा दिवा टेबलाच्या पलीकडून बघत आली होती. समोरून तो डोळ्यांत जातो, हे तिला आज कळलं.

"मी क्वारी स्ट्रीटची रहिवासी म्हणून बोलतेय," ती म्हणाली. "सातवं प्रकरण यादीतून काढावं. माझ्या अहवालात बस थांबा ते उतार अंतर दोनशे दहा फूट दिलंय. ते चूक आहे. नकाशा अर्ध्या आकाराचा होता, मी तो पूर्ण समजून मोजला. खरं अंतर चारशे वीस आहे. नियमात बसत नाही. चूक रेल्वेची नाही, खात्याची नाही. माझी आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. रेल्वेच्या आर्किटेक्टने मान खाली घातली आणि भराभर काहीतरी लिहायला लागला. ब्रेंडन छताकडे बघत होता.

"चारशे वीस, हे नक्की?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "ओलिंडा, दुसऱ्यांदा चूक परवडणार नाही आपल्याला. जागेवर जाऊन पाहिलंस का?"

"नाही," ओलिंडा म्हणाली. "मी सगळं कागदावर मोजलं. जागेवर फक्त मिस्टर रपोझा गेलेत. त्यांना विचारा."

"त्यांचं नाव कागदावर नाही."

"माझे पन्नास सेकंद उरलेत. ते मी त्यांना देते. उरलेला वेळ देता येतो." तिने मागे वळून पाहिलं. "मिस्टर रपोझा, नोव्हेंबरमध्ये मी तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं. खोटं होतं, आणि नीच होतं. या तुम्ही."

रपोझा उठला. दोन खुर्च्यांना धरत, सावकाश पुढे आला. माइकपाशी पोहोचेपर्यंत वीसेक सेकंद उरले होते.

"एकशे अडुसष्ट," तो म्हणाला. "काल पुन्हा चाललो. बर्फातून."

आणि परत फिरला.

त्यानंतर अर्धा तास घासाघीस झाली. आर्किटेक्टने सांगितलं, थांबा उताराजवळ आणता येईल, पण नकाशे नव्याने काढावे लागतील आणि निविदा काही त्यासाठी थांबणार नाही. मतं पडली तीन विरुद्ध दोन. मिल स्ट्रीट मंजूर, साउथ एंड पुढच्या वर्षावर. केक आणणारी बाई रोज पहाटे बसने बॉस्टनच्या इस्पितळात जाणारी नर्स होती. जाताना ती ओलिंडासमोर थांबली. "वीस वर्षं थांबलो," ती म्हणाली, "आता एकवीस. आभारी आहोत." केकचा डबा तिने तसाच बंद परत नेला. ब्रेंडन जवळ आला, "उद्या नऊला माझ्या खोलीत," एवढंच म्हणून गेला.

ती कोट चढवून बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा रपोझा बाकावर बसून बुटाचे बंद आवळत होता.

"पोरी," तो मान वर न करता म्हणाला, "तुझ्यापायी स्टेशन वर्षभर लांबलं."

"हो."

"मी एक्क्याऐंशीचा आहे. माझी बहीण बॉस्टनला वृद्धाश्रमात आहे. गाडी झाली की दर रविवारी जाणार होतो. ती त्र्याऐंशीची."

दुपारपासून ओलिंडा स्वतःच्या नावाचा विचार करत होती. या माणसाला त्याने मागितलेला न्याय मिळाला आणि गाडी गेली, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग तुम्ही तेव्हा बोललात कशाला?" तिने विचारलं. "गप्प बसला असतात तर मिळाली असती गाडी."

"मी चाललो असतो गं चारशे वीस फूट. माझे पाय धड आहेत." बंद बांधून झाला, त्याने टोपी घातली. "तिला नसतं जमलं. ती कधी इकडे आली असती तर."

ओलिंडा त्याच्या शेजारी बाकावर बसली. चौकीदार दिवे मालवायला लागला.

"रविवारी किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"कुठे?"

"बॉस्टनला. माझी गाडी जुनी आहे, पण तासाभरात पोहोचवते."

रपोझाने तिच्याकडे नीट पाहिलं. गिरणीत नवं यंत्र आलं की तो तसंच बघायचा.

"आठला," तो म्हणाला. "आणि तास नाही लागत, सव्वा तास लागतो. तू पुन्हा कागदावर मोजतेयस."