जाडसर, रव्यासारखी

"बहु झीणी, बारीक नको करू हं, निरू. एकदम पीठ झालं तर दट्ट्या अडेल," शेजारच्या कांचनने दारातच बजावलं होतं आणि वाटी हातात दिली होती. वाटीत कॉफी होती, जाडसर, लापशीच्या रव्यासारखी.

"होमसायन्स केलंय मी. मला दळण नको शिकवूस," निरुपमा हसत म्हणाली, पण दार जरा जोरातच लागलं.

गोत्रीतल्या त्या सोसायटीत दोघींच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच. पलीकडे कांचनचं हाताचं ग्राइंडर फिरू लागलं की निरुपमा कुकरखालचा गॅस बारीक करून ऐकायची. घरघर लवकर थांबली तर दळण जाड, म्हणजे वरून दट्ट्या दाबायच्या काचेच्या प्रेसची कॉफी. बाई एकटीच पिणार. घरघर संपता संपेनाशी झाली तर दळण बारीक, म्हणजे पितळी फिल्टर. आणि फिल्टरची कॉफी आवडायची हेरंबला, निरुपमाच्या नवऱ्याला. "बाळीला जरा फिरवून आणतो" म्हणत तो लेकीला कडेवर घ्यायचा आणि ते फिरणं कांचनच्या दाराशीच संपायचं. लेकही लबाड. आईपाशी रात्रभर किरकिर, पण त्या घरघरीने कांचनच्या मांडीवर लगेच डोळे मिटायची.

"तूही शीक ना तिच्याकडून," परत आला की हेरंब म्हणायचा. शर्टाला कॉफीचा वास यायचा.

शेवटी निरुपमाने तसलाच प्रेस मागवला, कांचनकडून वाटीभर पूड मागून घेतली आणि रविवारी तिलाच कॉफीला बोलावलं. पण ती जाड पूड बघून निरुपमाचं डोकं सणकलंच. माझ्या नवऱ्याला बारीक दळण आणि मला हा भरडा? तिने तो मिक्सरमध्ये घालून पार पिठासारखा केला.

रविवारी टेबलाशी हेरंब, शेजारी कांचन, तिच्या मांडीवर लेक. निरुपमाने पूड घातली, वर कढत पाणी ओतलं, थोडं थांबून दट्ट्या दाबला. जाळी पिठाने बुजून गेलेली. दट्ट्या हलेना.

"राहू दे निरू, जोर नको लावू," कांचन म्हणाली.

"तुझ्याकडे बरा जातो खाली!" निरुपमाने अंगाचा भार टाकला. कॉफी उसळली, भांडं कलंडलं. कांचनने लेकीला छातीशी दाबलं आणि हात आडवा घातला.

लेकीवर शिंतोडाही उडाला नाही. कांचनचा हात मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक. हेरंबने तो नळाखाली धरला आणि धरूनच ठेवला. एरवी रात्री निजलेल्या लेकीच्या नाकापाशी बोट नेऊन श्वास बघणारी ही निरुपमा. पण तिला आधी दिसला तो धरलेला हात. लेक रडतेय, हे नंतर ऐकू आलं.

तेव्हापासून भिंतीपलीकडे घरघर नाही. पट्टी बांधलेल्या हाताने ग्राइंडर फिरवणार कसं?

"एकदा जाऊन तरी ये," हेरंब म्हणतो.

"गॅसवर दूध आहे," ती म्हणते. शिऱ्याचा डबा भरते, कांचनच्या दारापर्यंत नेते आणि बेल न वाजवताच परत आणते.

म्हणून तिचं मागणं हे वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे. "गोत्रीकडे येणं झालं तर आमच्या शेजारची बेल वाजवा. कांचनचा हात कसा आहे बघा, फोड सुकले का विचारा. मी पाठवलंय म्हणू नका. आणि हेरंब तिथे बसलेला असला, तर जाताना तेवढं मला सांगून जा."