विन्याचा हात

"तू सांगतोस का मी सांगू? आज सांगितलं नाहीस ना, तर तो तुला शाल घालेल आणि तू माकडासारखा घालून घेशील!"

ही समीक्षा, माझी ताई. भाकऱ्या थापता थापता भांडते, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्याला एक थाप बसते.

"घालू दे. शाल आहे, साप नाही," मी बोललो.

"संद्या, तू त्या रेसमधून बाद झालायस. निकालात तुझ्या नावापुढे लिहिलंय. अख्ख्या जगाला दिसतंय, फक्त आपल्या विन्याला माहीत नाही."

"हळू बोल ना! भिंत पत्र्याची आहे."

"मग ऐकू दे पत्र्याला!"

"आणि पथकाच्या पोरांना रेसला कोणी बोलावलेलं? तूच ना?"

थाप थांबली. मग परत सुरू झाली, जरा जोरात.

आज गुरुपौर्णिमा. आमच्या गोविंदा पथकाचा सराव आजपासून सुरू होतो. नारळ फोडायचा, मैदानात पहिला थर लावायचा. यंदा नारळाच्या आधी माझा सत्कार आहे, ट्रायथलॉन पूर्ण केल्याबद्दल. आयडिया विन्याची. विन्या म्हणजे विनीत, खालच्या थरातला, दरवाजाएवढा रुंद. तो मला न्यायला येणार आहे. यायला वेळ आहे, तेवढ्यात सांगून टाकतो.

मी नववीत शाळा सोडली. गणिताच्या सरांनी डस्टर फेकून मारला, मी परत फेकून मारला. माझा नेम बरा निघाला. मग बरीच कामं धरली आणि सोडली. टिकलो एका ठिकाणी, डोंबिवलीतल्या एका क्लबच्या स्विमिंग पूलवर. काम काय, तर जाळीने पानं काढा, क्लोरीन टाका, लाद्या घासा. पाण्यात उतरायची परवानगी नाही. पण मी उल्हास नदीत शिकलेला माणूस, समोर निळं पाणी ठेवल्यावर किती दिवस बघत बसणार? एकदा पूल बंद झाल्यावर उतरलो, तर तिकडचे हेड कोच रवींद्र सर काठावर उभे. मला वाटलं, गेली नोकरी. ते बोलले, "अजून दोन लेन मार, बघू."

नंतर त्यांनीच सांगितलं. "तुला असिस्टंट कोच घ्यायला मी तयार आहे. पण कमिटी शिक्षण विचारणार, तिथे तू गप्प बसणार. तर एक मोठी रेस पूर्ण कर. निकालात तुझं नाव आलं की तो कागद मी त्यांच्यासमोर ठेवतो. पुढचं माझ्याकडे लागलं."

रेस जानेवारीत, मुरबाडच्या पुढे, धरणावर. एकोणीसशे मीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल, सायकल ठेवून एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत. आईला समजावलं तर ती बोलली, "एवढं लांब जायचंय तर रिक्षा का नाही करत?"

सरांनी त्यांची जुनी रेसिंग सायकल दिली. जूनपासून लागलो. ते फक्त एक बोललेले, यंदा हंडीला जाऊ नको. मी बोललो, सर, तुम्ही बोलाल तर वडापाव सोडतो, हंडी नाही सोडत.

हंडीच्या दिवशी टेंभी नाक्याला सलामी द्यायला उभे राहिलो. विन्या खाली, कोपऱ्यात. मी त्याच बाजूला, चौथ्या थरावर. त्याचा गुडघा आठवडाभर सुजलेला. कोणाला बोललाच नाही. बोलला असता तर पथकाच्या मास्तरांनी बाहेर बसवला असता ना त्याला. थर उभा राहिला, वरून पाण्याचा फवारा आला, आणि त्याचा गुडघा गेला. एक बाजू अशी खाली बसली जशी ओली भिंत बसते. बाकीचे एकमेकांवर पडले. मी एकटा बाहेर, डांबरावर, डाव्या खांद्यावर. कॉलर बोन दोन तुकडे.

विन्या घरी मोसंबी घेऊन आला. मी गॅलरीतून एकेक मोसंबं खाली फेकलं, उजव्या हाताने. तो खाली अंगणात उभा राहून सगळी झेलत होता. एक पण सुटलं नाही त्याच्याकडून. त्याने मला अजूनच राग आला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं बंद केलं, आणि त्याने पथकात जाणं.

गणपती, नवरात्र, सगळं गळ्यात झोळी अडकवून. सायकलचं मागचं चाक विटांवर उचलून घरातच पॅडल मारायचो, तर खालच्या तुळसाकाकू छताला झाडू ठोकायच्या, "अरे पिठाची गिरणी टाकलीस काय वर?" दिवाळीनंतर पाण्यात उतरलो. डावा हात कानाच्या वर जाईना. उजवा जोरात ओढणार, डावा नुसता पाणी चाटणार. सरळ जायचं ठरवलं तरी मी लेनच्या दोरीला जाऊन धडकायचो. धावायला जास्त जोर लावला तर पायाच्या नळीत कळ सुरू झाली. आज हात, उद्या पाय. आठवड्यात दोन दिवस बरे गेले तर तिसऱ्या दिवशी काहीतरी बोंब. सर बोलले, "पुढच्या वर्षी कर रे." मी बोललो, "आणि पुढच्या वर्षी मीच पानं काढतोय का इकडे?"

तर रेस. सकाळी धरणाचं पाणी बर्फ. नारंगी फुगे लावलेले, त्यांना वळसा घालून यायचं. मी फुगा बघून हात मारायला लागलो की थोड्या वेळाने मान वर काढावी, तर फुगा भलतीकडे. दोनदा बोटवाला मागे आला, "ओ हिरो, तिकडे गाव आहे! रेस इकडे!" बाहेर आलो तेव्हा माझ्या मागे मोजून पाच-सहा डोकी असतील.

सायकलवर काही लोकांना गाठलं. पण हँडलवर वाकलं की खांद्यात सळई घातल्यासारखं व्हायचं. शेवटी शेवटी डावा हात मांडीवर ठेवून एकाच हाताने चालवत होतो. मला मागे टाकणाऱ्या एका काकांनी विचारलं, "ऑल ओके?" काकांच्या सायकलवर जरा पण धूळ नव्हती. मी बोललो, "बघताय ना." उगाच बोललो. माणूस चांगला होता.

धावायला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. नळीत कळ, बुटात पाणी, पोटात नुसतं ग्लुकोजचं गोड गोड. शेवटचे तीन किलोमीटर राहिले. वेळ होती, फार नव्हती. दोन खांब धावायचो, एक खांब चालायचो. आणि हे मी एकटा करत होतो. कोणी बघायला नाही, ओरडायला नाही. बरं वाटत होतं मला, खरं सांगतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा डोक्यातला राग खाली बसलेला.

आणि वळणावर टेम्पो उभा. आमचा पथकाचा टेम्पो, झेंडा लावलेला. सगळी पोरं खाली उतरून टाळ्या वाजवतायत, "बोल बजरंग बली की जय!" आणि त्यांच्या पुढे, पायात स्लिपर घालून, विन्या.

नियम सर्वांना आधी सांगितलेला. बाहेरच्या कोणी तुमच्याबरोबर धावायचं नाही, हात लावायचा नाही. लावला की बाद. मला माहीत होता नियम. विन्याला कुठून माहीत असणार? आमच्याकडे कोणी डळमळला की जो जवळ असेल तो हात लावतो. हात नाही लावला तर त्याला शिव्या पडतात.

तो बाजूने धावायला लागला. स्लिपर फटक फटक. मी पूर्ण वाक्य बोलायला गेलो. की बाबा, नियम असा असा आहे, तू बाहेर हो. पण तेवढा श्वासच नव्हता. शिवीला श्वास कमी लागतो.

"हरामखोर!" मी बोललो.

त्याचं तोंड उजळलं हो. "दे! दे शिव्या! पाच महिने वाट बघतोय मी!"

"गाढवा... हो..."

"अजून दे! मनात ठेवू नको!"

आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तोच, थर लावताना ठेवतो तसा, पंजा उघडून, पूर्ण. मी झटकला. त्याने परत ठेवला. मी कोपर मारलं. "मार!" तो बोलला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो लंगडत होता, त्याच गुडघ्यावर, आणि मला ढकलत होता. मागे बाकीची पोरं जय म्हणत. स्कूटरवरून रेसचा एक माणूस दोनदा शिट्टी मारत बाजूने गेला. विन्याने त्याला हात दाखवला. "थँक्यू काका!"

रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होती. एका मुलीने गळ्यात मेडल घातलं. पोरांनी उचलला मला, खांदा दुखतोय बोललो तरी उचलला. मग माईकवर माझा नंबर पुकारला.

टेबलाच्या मागे चष्म्यावाल्या मॅडम होत्या. "तुझ्याबरोबर धावत होते ते कोण?"

"पथकातले."

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग थांबवलं का नाहीस?"

"थांबवत होतो."

"आमचा माणूस सांगतो तू शिव्या देत होतास."

"तेच ते, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी लाल पेनाने काहीतरी केलं. मी मेडल काढून टेबलावर ठेवलं तर बोलल्या, "राहू दे तुझ्याकडे." ते मला फार लागलं. मागून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सर तिकडेच होते. सायकल गाडीवर बांधत राहिले, एकच गाठ परत परत. एप्रिलमध्ये पूलवर नवा असिस्टंट कोच आला, ठाण्याचा, सर्टिफिकेटवाला. वाईट नाही माणूस. तो पाण्यात उतरायच्या आधी मी पानं काढून ठेवतो.

विन्याला यातलं काही माहीत नाही. मेडल त्याने त्याच दिवशी मागून घेतलं आणि पथकाच्या खोलीत बजरंगबलीच्या फोटोखाली खिळ्याला टांगलं. येईल त्याला दाखवतो. "शेवटचे तीन किलोमीटर मी होतो बरोबर," असं सांगतो. आणि तो परत पथकात यायला लागला.

ताईला वाटतं मी त्याला वाचवतोय. तसं काही नाही. मला राग आहे, भरपूर आहे. पण तो धरायचा कुठे ते कळत नाही. मी विचार करतो, विन्या आला नसता तर मी पोचलो असतो का? दोन खांब धावून, एक खांब चालून? कधी वाटतं, आरामात. कधी वाटतं, नाही. आता हे कधीच कळणार नाही. त्याने माझं नाव घालवलं त्यापेक्षा हे जास्त डोक्यात जातं.

खाली हॉर्न वाजला.

"आला बघ," ताई बोलली. "आता मीच सांगते."

आमचा जिना लोखंडी आहे, कोण येतंय ते वाजण्यावरून कळतं. विन्या आधी दोन-दोन पायऱ्या घेत यायचा, अख्खी चाळ हलायची. आज एक पाय जड, एक हलका. मग जरा थांबला. मग परत जड, हलका. एका पायरीवर दोन्ही पाय. दारात आला तर फुलपँट घातलेली. सरावाला कोण फुलपँट घालतं?

"चल रे हिरो! शाल हिरवी आणलीये. मास्तर भगवी बोलत होते, मी बोललो हिरवीच."

ताईने हात पुसले. "विनीत, संद्याला तुला काहीतरी सांगायचंय."

"काय रे?"

ताई माझ्याकडे बघत होती. तव्यावर भाकरी करपत होती.

"पँट वर कर," मी बोललो.

"का?"

"वर कर."

त्याने नाही केली. "जरासा सुजतो रे. जानेवारीपासून. थराला काय होत नाही, पट्टा बांधलाय."

"मास्तरांना सांगितलंस?"

"तू सांगणार आहेस?" तो हसला, पण हसू पूर्ण आलं नाही. "तू वर राहणार म्हणून तर मी खाली लागतोय, संद्या."

"मी नाही चढणार."

"म्हणजे?"

"तुझ्यावर नाही चढणार आज. आणि तू पण लागायचं नाही. दोघं बाहेर बसू."

त्याचा चेहरा ऑगस्टसारखा झाला. अंगणात मोसंबी झेलताना होता तसा. "अजून राग आहे?"

"आहे."

"मग दे ना शिव्या."

या वेळी छातीत श्वास भरपूर होता. अख्खं वाक्य सांगता आलं असतं, सगळा नियम, मॅडम, लाल पेन, पूल. ताई वाट बघत होती.

"हरामखोर," मी बोललो.

"हां!" तो बोलला आणि वळला. ताईने भाकरी उलटली, काळी झालेली, आणि पुढची थापायला घेतली.

तो जिना उतरतोय आता. कठडा धरून, एकेक पायरी. मी मागून घाई केली तर दाखवायला म्हणून दोन-दोन उतरेल, ओळखतो ना त्याला. म्हणून जरा थांबलो होतो. निघायला पाहिजे, खालून हाक मारतोय.