चौथं रीळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच भंगारात काढू नका हं! टाकवे बुद्रुकच्या हौशीरामभाऊंच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. खंडाळ्याच्या ज्या बंगल्याची ते राखण करायचे, त्याच्या मालकांनी बंगला सोडून जाताना मला आणि एका इंग्रजी सिनेमाच्या चार रिळांना त्यांच्या हवाली केलं.

दर बुद्धपौर्णिमेला समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणून भाऊ तो सिनेमा दाखवायचे. इंग्रजी कुणाला कळतंय? मग भाऊच मोठ्यानं मराठीतून गोष्ट सांगायचे. नवराबायकोचं जिवापाड प्रेम, बायकोला न बरा होणारा आजार, आणि नवरा तो तिच्यापासून लपवतो. तिसरं रीळ संपलं की मला बंद करून म्हणायचे, "मग ती बरी झाली बरं का!" लोक टाळ्या वाजवत उठायचे. चौथं रीळ त्यांनी कधीच लावलं नाही, कारण त्यात ती मरते. मला या थापेचा भारी राग यायचा.

पुढे घरोघरी टीव्ही आले, मोबाईल आले. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊंच्या बायकोला, धोंडाबाईंना, मोठा आजार निघाला. थोडेच महिने उरलेत, असं डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. भाऊ तिला म्हणाले, "साधी कावीळ हाय. व्हशील बरी."

एका दुपारी धोंडाबाई म्हणाल्या, "अवो, त्यो सिनेमा लावा. चौथं रीळ."

"चौथं न्हाईच."

"रिळांचे डबे मीच पुसते की वो दरसाल! चार हायेत."

भाऊंनी खिडकीला गोधडी लावली, मला पुसलं. मी खरखरलो, पण चाललो. भिंतीवर ती बाई अंथरुणाला खिळलेली, नवरा उशाशी बसलेला. भाऊंचा हात माझ्या बटणाकडे गेला. तेव्हा धोंडाबाईच सांगू लागल्या, "ती म्हनती, मला समदं ठावं हाय. सारखं गोठ्यात जाऊन एकटं रडू नका. हितं माझ्यापाशी बसून रडा."

अहो, त्या सिनेमात गोठा कुठला?

भाऊ उठले आणि धोंडाबाईंजवळ जाऊन बसले. रीळ संपलं, फितीचं टोक फटफट वाजत राहिलं. मला बंद करायला कुणी आलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांना अधूनमधून पुसत जा, तेलाचा थेंब देत जा. आणि आजारी माणसापासून त्याचीच गोष्ट लपवू नका. धोंडाबाई अजून आहेत. कालच भाऊंना म्हणाल्या, "आता पयल्यापास्नं लावा. चारी."