माझी चकती खोटं फिरत नाही

मी एक जुना विजेचा मीटर आहे. जबलपूरला मदन महल भागात, बाबारावांच्या व्हरांड्यात टांगलेला. मित्रांनो, कारखान्यातून निघताना मला तपासून शिशाचं सील लावलं होतं. तेव्हापासून मी एक फेरा जास्त फिरलो नाही की कमी. याचा मला अभिमान आहे, उगाच का लपवू?

घरात पंखा आला, फ्रिज आला, कूलर आला; सगळ्यांचं खाणं मीच मोजलं. सुरुवातीला शेजारी माझी काचेआडची चकती कौतुकाने बघायचे. पुढे माझी आठवण फक्त बिल आलं की व्हायची, तीही शिव्या घालायला.

एका उन्हाळ्यात माझी चकती फारच पळू लागली. बाबाराव शब्दाचे पक्के. त्यांनी सुनेला बोलावलं.

"विनता, शिलाई मशीनची मोटर काढून टाक. मीटर पाहा कसा पळून राहिला!"

विनताचा चेहरा उतरला. पाय दुखायचे म्हणून तिने मशीनला मोटर बसवली होती. मोहल्ल्यात तिच्या शिवणकामाचं नाव होतं. मोटर गेली की तेही गेलं असतं.

"बाबा, मशीनच काहून?" ती म्हणाली. "तुम्ही मीटरपाशी थांबा जी. मी एकेक चालू करून पाहते."

तिने सगळं बंद केलं. मी थांबलो. मशीन चालली, मी निवांत फिरलो. मशीन बंद करून तिने फ्रिज लावला आणि मी जो सुटलो तो थांबेचना!

बाबाराव आत गेले. फ्रिजवर त्यांच्या दिवंगत पत्नीने, नर्मदाबाईंनी, भरतकाम केलेलं जाड कव्हर होतं, मागच्या जाळीवर लोंबणारं. त्यात फ्रिज भिंतीला खेटलेला, दाराचं रबर फाटलेलं. बिचारा उकाड्याने घुसमटत होता.

"नर्मदेची आठवण म्हणून मीच कोणाले हात लावू दिला नाही," बाबाराव हळूच म्हणाले. "आन् बोल लावला तुले."

त्यांनी स्वतः कव्हर काढलं, फ्रिज पुढे ओढला, रबर बदलून आणलं. विनताने त्या कव्हरचा पश्चिमेच्या खिडकीला पडदा शिवला. दुपारचं ऊन अडलं, फ्रिज मध्ये मध्ये दम घेऊ लागला आणि मीही शहाण्यासारखा चालू लागलो.

आता आकडे लुकलुकणारा नवा मीटर येणार, मला काढून नेणार. थोडं वाईट वाटतं, पण तोही खरं तेच बोलेल. मित्रांनो, वीज कोण खातं ते त्याच्याकडे बघून शोधा; घरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवू नका.